हौशीरामची रशियन मेंढी

त्र्याण्णव साली आमच्या शेजारच्या हौशीरामनं पुण्याच्या जुन्या बाजारातून अंगठ्याएवढी, लई दुर्मीळ लाकडी मेंढी आणली. पोटाखाली रशियन अक्षरं व्हती.

"ही कुणी घडवली ते राजुरीत कुणी सांगितलं, तर पारावर अर्धी मिशी काढीन," तो म्हणला.

"नाय सांगितलं, तर माझी काढ," मी म्हणलं.

मी मेंढरं राखणाऱ्या राघूला आणलं. त्यानं मेंढीचा कान निरखला.

"डाव्या कानाला दोन काप. आमच्या घरच्या मेंढरांची हीच खूण. ही आमच्या आज्यानं घडवली."

"आन् खाली रशियन लिवलंय ते?" हौशीरामनं इचारलं.

"ते इकणाऱ्यानं लिवलं आसंल, भाऊ."

पारावरच्या म्हाताऱ्यांना पटलं. न्हाव्यानं तिथंच वस्तरा लावला. अर्धी मिशी गेली तरी हौशीराम येणाऱ्याजाणाऱ्याला ती अक्षरंच दाखवत व्हता.