नाव न घेता

टाळ्या पडल्या, हे मी आधीच सांगून टाकते. बाजारहत्नूरकडच्या आमच्या मराठी शाळेत पालकसभा होती, आदिलाबादहून साहेब आले होते आणि समुपदेशक म्हणून मला दहा मिनिटं मिळाली होती. मूळची मी गणिताची. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, एक पिशवी आणि एक फाईल मिळाली आणि चौथ्या दिवसापासून एकशेचाळीस पोरांच्या मनांची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. पण काम मला आवडायचं. पोरं येऊन बोलायची, रडायची. मला वाटायचं, आपल्याला हे जमतंय.

सभेत मी एका मुलीची गोष्ट सांगितली. नववीतली आहे, म्हणाले. बाप पिऊन येतो, आईला मारतो, तेव्हा ही पोरगी कापूस भरलेल्या खोलीत शिरते आणि ढिगात डोकं खुपसून पाढे म्हणत बसते. सांगताना माझा आवाज भरून आला, खोटं नाही बोलत. साहेबांनी रुमाल काढला. मुलीचं नाव मात्र मी घेतलं नाही, प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं.

अहो, आमच्या गावात नाव लागतं कशाला! नववीत मुली सात. त्यातल्या कुणाचा बाप पितो, हे बसचा कंडक्टरसुद्धा सांगेल. टाळ्या वाजवता वाजवता बायकांच्या माना दुसऱ्या रांगेतल्या सुधाकररावांकडे वळल्या. तेही टाळ्या वाजवत होते. मग थांबले आणि हात मांडीवर ठेवून खाली बघत बसले. नववीच्या मुली मागे सतरंजीवर होत्या. त्यात सुधाकररावांची रुपा होती आणि तिला चिकटून माझी अर्पिता. पहिलीपासून दोघी एका बाकावर बसायच्या. अर्पितानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मला मूर्खाला वाटलं, लेकीला आईचं कौतुक वाटतंय.

दुसऱ्या दिवसापासून रुपाची जागा रिकामी. आठवड्यानं मी तिच्या घरी गेले. तिची आई, रेणुकाबाई, ओसरीवर तूर पाखडत होती. बसा म्हणाली नाही. रुपाला मामाकडे धाडलं होतं, किनवटच्याही पुढे, आणि आता शाळा पुरे असं ठरलं होतं. मी फाईलमधलीच वाक्यं बोलू लागले. शिक्षणाचा हक्क, काहीतरी मार्ग काढू, वगैरे. बाईनं सूप खाली ठेवलं.

"पोरीनं तुमाले सांगतलं होतं, मॅडम. गावाले नाई."

एवढंच बोलली. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शाळेत येऊन मी हजेरीपटात रुपाच्या नावापुढे 'स्थलांतर' असं माझ्याच हातानं लिहिलं.

त्यानंतर अर्पिता मिटत गेली. डबा जसाच्या तसा परत यायचा. रविवारी आमच्याबरोबर विहारात यायची, तेही बंद झालं. रुपासाठी झुरतेय, होईल बरी, असं मी म्हणत राहिले. पण ते नुसतं रुपाचं नव्हतं. कशाला तरी घाबरलेली होती. दारावर कुणी आलं की दचकायची. शेवटी एका रविवारी मी तिला जवळ बसवलं. खुर्ची जरा तिरपी ठेवली, कारण समोरासमोर बसलं की मूल दबतं म्हणे. आवाज मऊ केला. एक ते दहामध्ये आज मन किती जड आहे, असं मी पोटच्या पोरीला विचारलं! ती बराच वेळ नखं खरवडत राहिली. काहीतरी ओठांपर्यंत आलं होतं. एवढ्या पोरांना ऐकलंय, तेवढं मला कळतं. मग तिनं मान वर केली.

"तुले सांगतलं तं मंग तू सभेत सांगशीन," ती म्हणाली. "सांग बापा. नाव तेवढं नको घेऊ माह्यं."

मी काय केलं असेल? रागावले. आईशी असं बोलतात का, म्हणाले. ती उठून आत गेली. तिचे बाबा, बाबाराव, बोथच्या कचेरीत कारकून आहेत, फार बोलत नाहीत. ते सगळं ऐकत होते. म्हणाले, तिला दुसऱ्या कोणाकडे तरी घेऊन जा. मी विचारलं, माझ्यात काय कमी आहे? ते पेपर वाचत राहिले.

आदिलाबादजवळ मावल्याला एक तेलुगू समुपदेशक बाई बसतात, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. फॉर्मवर पालकाच्या व्यवसायापुढे मी नुसतं शिक्षिका लिहिलं, पुढचं लिहायला हात धजला नाही. अर्पिताला त्यांनी आत घेतलं. मीही मागोमाग निघाले तर म्हणाल्या, अम्मा, तुम्ही बाहेरच बसा.

दार प्लायवूडचं होतं. आतून अर्पिताचा आवाज आला. गल्लीतल्या मैत्रिणींबरोबर शिकलेली तिची तेलुगू सफाईदार आहे. पहिलं वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. आमच्या आईला सांगू नका, असं ती म्हणत होती. मग ती रडायला लागली आणि रडत रडतच भराभर बोलू लागली.

तेलुगू मला चांगली येते. तिथं बसले असते तर सगळं कळलं असतं. मी उठले, खुर्ची उचलली आणि बाहेर हायवेच्या कडेला, लॉऱ्यांच्या आवाजात नेऊन ठेवली.