पुसायचं राहिलेलं

सुपडूने शर्टाच्या टोकाने टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, त्यावर हलकी फुंकर मारली आणि कॅसेट आत बसवली. खाजाच्या दुकानातला मोठा डेक एका गिऱ्हाइकासाठी हळदीची गाणी भरण्यात गुंतला होता, म्हणून तो स्वतःचाच टेप पिशवीत घालून घेऊन आला होता. काउंटरवर ठेवण्याआधी त्याने तिथली धूळही हाताने झाडली. खाजाला त्याच्या या अदबीचा मनातून राग यायचा. माणसाने थोडं तरी उर्मट असावं, म्हणजे त्याच्याशी वाईट वागताना जड जात नाही.

"तुम्ही सांगं तसंच करं बठ्ठं," सुपडू म्हणाला. "आते आयका."

खाजाने मानेनेच लाव म्हणून खूण केली.

सुपडू पाच कंदील चौकाजवळच्या व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये कामाला होता. मशिनी चालू करायच्या, बंद करायच्या आणि दिवसभर तीच टुणटुण कानांत साठवायची. आता बरी परिस्थिती असलेल्या घरांतली पोरं टीव्हीला जोडायचे गेम घरीच आणू लागली होती आणि मालक पार्लर बंद करायच्या गोष्टी बोलत होता. बंद झालं की गावी सासऱ्याच्या वीटभट्टीवर जायचं, हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात कळलं की जळगावचे ऑर्केस्ट्रावाले लोटनशेठ की-बोर्डसाठी माणूस शोधतायत. लोटनशेठची अट एकच होती. काहीतरी नवीन, कुणी न ऐकलेलं, भरून आणा. आज दुपारच्या एसटीने सुपडू निघणार होता, आणि त्याचं पुढचं सगळं त्या कॅसेटमध्ये होतं.

लोटनशेठ खाजालाही ठाऊक होते. चांगलेच ठाऊक होते. त्यांच्याच ऑर्केस्ट्रात त्याने ऐन उमेदीची वर्षं घातली होती आणि एका लग्नसराईच्या तोंडावर शेठ सहज म्हणाले होते, "खाजा, तुझा हात जुना झाला रे." झालं, एवढंच. त्यानंतर आग्रा रोडवर हे कॅसेटचं दुकान आलं. की-बोर्ड विकून टाकला; कान तेवढा राहिला. खाजाभाईच्या कानाला दाखवल्याशिवाय धुळ्यातला वाजवणारा काही बाहेर नेत नाही, असं लोक म्हणत, आणि त्या म्हणण्यावर खाजा जगत होता.

सुपडूही म्हणूनच आला होता. मागच्या आठवड्यात.

खाजाच्या फळीवर अमेरिकन हिपहॉपची एक कॅसेट कित्येक दिवस धूळ खात पडली होती. गिऱ्हाईक कव्हर बघायचं, हसायचं आणि परत ठेवायचं. ती सुपडूने त्याआधीच मागून नेली आणि ऐकून ऐकून पार झिजवली. मग त्याने पार्लरमधल्या एका गेमची चाल घेतली. धावत्या आगगाडीच्या टपावरून एक माणूस पळत असतो, डब्यामागून डबा, खाली पडला की खेळ संपला, त्या गेमची. ती चाल त्याने छोट्या कॅसिओवर निम्म्या वेगाने वाजवली. खाली ठेका धरला तो तेलाच्या रिकाम्या डब्यावर. आणि त्यावर तो बोलला होता. गाणं नाही, भाषण नाही. घरात बोलतात त्या खान्देशी बोलीत, ठेक्याला धरून, कधी त्याच्या जरा मागे रेंगाळून.

*डबा सरना, दुसरा उना, पयत ऱ्हाय भो, माघे दखू नको.* डबा संपला, दुसरा आला, पळत राहा, मागे बघू नको; एवढंच.

खाजा ऐकायला बसला आणि काउंटरवर त्याची बोटं वाजू लागली. ती वाजतायत हे लक्षात आलं तसा त्याने हात खाली घेतला आणि खिशात घातला. लोटनशेठ हे ऐकून खुर्चीतून उठणार, हे त्याला पहिल्याच कडव्याला कळलं होतं. आपण इतकी वर्षं वाजवलं, पण असं काही आपल्या हातून कधी निघालं नाही, हेही कळलं. मग त्याने चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत सुपडूला समजावून सांगितलं.

"चाल छान पकडलीस. मेहनत दिसते," त्याने सुरुवात चांगली केली होती. "पण हे बोलणं काढ. ऑर्केस्ट्रा शहरात वाजतो, तिथे खान्देशी कोण ऐकणार? डबाबिबाही नको, कॅसिओत ठेके दिलेत ना, ते घे, स्वच्छ येतात. वेग थोडा वाढव. आणि लांबलंय, आटोपशीर कर. तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

त्यात खोटं असं काही नव्हतं. कुठल्याही जाणत्या माणसाने हेच सांगितलं असतं. सुपडू एकेक गोष्ट मान डोलावत ऐकत होता आणि जाताना खाजाच्या पाया पडायला वाकला होता.

आता टेपवर नवीन वाजत होतं. स्वच्छ होतं. ठेका घड्याळासारखा पडत होता, सूर जिथल्या तिथे होते, कुठे काही सांडत नव्हतं. गेममधला तो माणूस आता टपावरून पळत नव्हता. तिकीट काढून आत जागेवर बसला होता. मोठ्या डेकवरच्या हळदीच्या गाण्यातही याच्यापेक्षा जास्त जीव होता.

खाजाला वाटलं होतं, ऐकून बरं वाटेल. जरासं बिघडावं, एवढंच त्याला हवं होतं. पण हा गडी इतका शब्दन् शब्द पाळून येईल, आपल्या हाताने सगळं खरवडून आणेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

"कसं वाटनं, खाजाभाई?"

"सफाई आली," खाजा म्हणाला. मग उगाच विचारल्यासारखं विचारलं, "पहिलं कुठंय? ठेवलंस ना?"

"त्यानावरच भरं. जुनं ठेईसन काय करानं?"

सुपडू हसला. गाणं संपलं होतं, पण टेप बंद करायचं दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. नुसती खरखर येत होती. खाजा काउंटरच्या कडेवरचा सनमायका नखाने उचकटत राहिला.

आणि मग, शब्दाच्या मध्यापासूनच, डबा वाजू लागला.

नवीन गाणं आटोपशीर झालं होतं. त्यामुळे जुन्याचा शेवट त्याच्यापुढे तसाच उरला होता. *...सरना, दुसरा उना, पयत ऱ्हाय भो...* आवाज फुटत होता, डबा कर्कश होता, आणि दुकान एकदम भरून गेलं. समोरच्या पंक्चरवाल्याने हातातली ट्यूब तशीच धरून मान वर केली. *माघे दखू नको,* टेपवरचा सुपडू म्हणाला, ठेक्याच्या जरा मागून, आणि तिथे त्याच्या बायकोला, प्रमिलाला, हसू आवरलं नव्हतं. तेही तसंच भरलं गेलं होतं.

सुपडूने झटकन बटण दाबलं. त्याचा चेहरा लाजेने उतरला.

"पुसानं राही गयं. शेटना कानवर पडतं तं हासता."

"सुपडू," खाजा म्हणाला.

"हां, खाजाभाई?"

एक वाक्य होतं. मी चुकीचं सांगितलं, पहिलंच नीट होतं, एवढंच. तेवढ्या शेपटावरही लोटनशेठने याला ठेवून घेतलं असतं. पण त्या वाक्यानंतर सुपडू विचारणार, मग तसं का सांगितलंत? तो साधा माणूस होता, विचारल्याशिवाय राहिला नसता.

"एसटी कधीची आहे?" खाजाने विचारलं.

"आते निंघसच. पहिले एवढं पुसी टाकू ना?"

खाजाने टेप स्वतःकडे ओढला. मोठा डेक थांबवला, पंखा बंद केला, काचेचं दार लोटलं. शेपूट सुरू होतं तिथवर कॅसेट मागे घेतली.

"माइक आतलाच आहे याचा," तो म्हणाला. "आवाज करू नको."

त्याने प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबली; शांतता भरत गेली की खालचं पुसलं जातं. चाकं फिरू लागली. सुपडू श्वास धरून उभा होता, आणि आपलं काम चांगल्या माणसाच्या हातात आहे अशा नजरेने त्याच्याकडे बघत होता. खाजाच्या कपाळावरून घाम उतरला, तो त्याने पुसला नाही. माइक चालू असताना बोलायचं नसतं, हे त्यानेच सुपडूला शिकवलं होतं.

शेपूट पुसून झालं असणार. तरी त्याने थांबवायचं बटण दाबलं नाही. कॅसेट बराच वेळ तशीच फिरू दिली.