तड्यावरची काच

लोकांना भिंतीत तडा दिसला की ते आधी घाबरतात, मग त्यात पुट्टी भरतात, वरून रंग मारतात आणि सगळं झाकून झाल्यावर मला बोलावतात. डॉक्टरकडे जाताना पावडर फासून जावं तसं. घरांचे तडे आणि ओल शोधून दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे डोकं तापवून घ्यायची मला सवय आहे. पण स्वतःच्या बहिणीच्या घरी ते जितकं तापलं, तितकं कुठल्याच गिऱ्हाइकाकडे तापलेलं नाही.

मेहुणे गेल्यापासून ताई एकटी राहते. बैठं घर, पुढे एक खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे एक खोली. मागच्या खोलीत ती शिवणकाम करते आणि मशीनशेजारीच खाट टाकून झोपते. त्याच खोलीच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला एक तडा पडला. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो. आईनं आपल्याकडे यावं म्हणून तो आधीपासूनच मागे लागला होता. तडा दिसल्यावर त्याच्या हाती कोलीतच मिळालं.

मी तड्यावर काच लावली. ही आमची जुनी पद्धत आहे. पातळ काचेची पट्टी तड्यावर आडवी धरायची आणि तिची दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यांनी भिंतीला घट्ट बसवायची. काच ताणली जात नाही. तडा जरासा जरी रुंदावला तरी ती तडकते, आणि भिंत अजून हलतेय हे कळतं.

भाच्यानं हे ऐकलं आणि तिथल्या तिथे अट घातली. "काच फुटली तर आई, तू माझ्याकडे यायचं. नाही फुटली तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"ठरलं," ताई म्हणाली. भाजी घेताना अर्धा तास घासाघीस करणारी ही बाई इतक्या झटक्यात कशी कबूल झाली, याचा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.

पावसाचे दिवस गेले. अधूनमधून मी चक्कर मारायचो, दारातूनच नजर टाकायचो. काच शाबूत. मग एकदा मागच्या खोलीचं दार उघडेना. मी खांदा लावला तेव्हा कुठे ते करकरत हललं.

"पावसानं फुगलंय," ताई मशीनवरून मान वर न करता म्हणाली.

पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते. फुगलेलं लाकूड एव्हाना आकसायला हवं होतं. शिवाय दार वरच्या बाजूला चौकटीला घासत होतं आणि खाली बोटभर फट होती. मी पिशवीतून ओळंबा काढून चौकटीशी सोडला. दोरी सरळ, चौकट तिरकी. भिंतीकडे गेलो. काच लावली तेव्हा तडा जिथे संपत होता तिथे मी पेन्सिलनं खूण केली होती. तडा तिच्या कितीतरी पुढे गेला होता. पूर्वी जिथे कागद शिरला नसता तिथे आता माझं नख शिरत होतं.

आणि काच? जशीच्या तशी.

क्षणभर मला माझ्याच कामाची शंका आली. प्लास्टरनं पकड सोडली असेल म्हणून टिचकी मारून पाहिली. घट्ट होतं. मग ते गोळे नीट पाहिले. कडेनं हात फिरवून गुळगुळीत केलेले, कणकेच्या गोळ्यांसारखे. माझं काम असं देखणं कधीच नसतं. मी प्लास्टर थापतो आणि पुढे चालू लागतो.

"ताई, ही काच कुणी लावली?"

"तूच की."

"मला शेंडी लावू नकोस."

तिनं दातांनी दोरा तोडला आणि मशीनचा खण ओढून दाखवला. आत सुया-बटणांच्या शेजारी काचेच्या पट्ट्या ठेवल्या होत्या, फोटोफ्रेमच्या दुकानातून मापानं कापून आणलेल्या.

"दोन-तीनदा फुटली," ती म्हणाली. "फुटली की मी दुसरी लावते."

माझा पारा चढला. "अगं, काच काय पैज लावायला असते? ती फुटते ते मला कळावं म्हणून! पहिल्यांदा फुटली तेव्हाच सांगितलं असतंस तर मी कारण शोधलं असतं. तू ताप उतरावा म्हणून थर्मामीटर बदलत बसलीस!"

"मग हे तू तेव्हाच बोलायचं होतंस. तो अट घालत होता तेव्हा तू भिंतीला डोळे लावून बसला होतास."

काचेवरून माय-लेकांत करार झाला, पण तडा पडलाच का, हे आम्हा तिघांपैकी कुणी विचारलं नव्हतं. धंदा माझा असून मीही नाही.

मी तणतणतच घराबाहेर गेलो. तडा वर रुंद आणि खाली बारीक होता, म्हणजे कोपरा खाली बसत होता. छपराचं पाणी त्याच कोपऱ्यातल्या पाइपनं चेंबरमध्ये उतरत होतं आणि तिथून जमिनीखालून फाटकाजवळच्या दुसऱ्या चेंबरला जायचं होतं. ताईकडून नीळ मागून घेतली, बादलीभर पाण्यात कालवली आणि पहिल्या चेंबरमध्ये ओतली. मग फाटकाजवळचं झाकण उघडून वाट पाहिली. एक बारीकशी निळी धार आली आणि थांबली. कोपऱ्याशी फावड्यानं खणलं तर निळा चिखल लागला. जमिनीखालचा पाइप सांध्यात सुटला होता आणि दर पावसाला पायाखालची माती वाहून नेत होता.

ताई मागच्या दारात येऊन उभी होती. "घर वाचेल का रे?"

"वाचेल. आधी पाइप बदलू, मग पायाखाली थोडं थोडं खणून काँक्रीट भरू. कोपरा बसायचा थांबला की भिंतीत सळ्या घालून तडा शिवून टाकू. पण मागच्या खोलीत आजपासून झोपायचं नाही."

"पुढच्या खोलीत झोपते."

"ते तुझ्या लेकाला सांग. मी त्याला बोलावलंय."

तिचा चेहरा पडला. ती आत गेली.

भाचा आला तो थेट तड्याकडे गेला. वाकून पाहिलं आणि माझ्याकडे वळला. "फुटली नाही ना, मामा?"

मी 'नाही' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पाइप गुपचूप बदलता आला असता आणि ताईचं घर ताईकडे राहिलं असतं. खरं सांगतो, तो शब्द माझ्या जिभेवर आला होता.

"फुटली होती," ताईच म्हणाली. "मी बदलली. दोन-तीनदा."

भाच्याला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तो लालबुंद झाला. "आणि तू या भिंतीखाली झोपत होतीस? पडली असती तर?"

"पडली असती तर एकदाच काय ते झालं असतं. तुझ्याकडे राहायला आले की मला रोज सकाळी विचारावं लागतं, चहा ठेवू का म्हणून."

"कोण अडवतं तुला चहा ठेवायला?"

"कुणी नाही रे. तुझी बायको फार चांगली आहे, मला कधी वाकडा शब्द बोललेली नाही." तिनं साडीवरचे दोरे झटकले. "पण विचारावं लागतं."

मला भरून आलं आणि भरून आल्याचा रागही आला, कारण दोन्ही हात निळ्या चिखलानं बरबटलेले होते आणि नाक पुसायची सोय नव्हती.

भाच्यानं तड्यावरून बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, "मामा, पुढची खोली धड आहे?"

"ठणठणीत. तिकडचा पाया तसूभर हललेला नाही."

"नक्की?"

"नसती तर मी तिला एक रात्र राहू दिलं असतं का? माझी बहीण आहे ती."

त्यानं खाटेवरची गादी गुंडाळून ताईच्या हातात दिली आणि खाटेचं एक टोक उचललं. "धर जरा."

तिरक्या चौकटीतून खाट सरळ निघेना. आम्ही ती कुशीवर वळवली, पाय आधी बाहेर काढले आणि स्वयंपाकघरातून धडपडत पुढच्या खोलीत नेली. ताई गादी पोटाशी धरून मागोमाग आली. खाट भिंतीशी लागल्यावर तिनं गादी तिच्यावर पसरली.

"मशीनपण आणावी लागेल," ती मग हळूच म्हणाली.

"आणतो," भाचा म्हणाला. "कुठे ठेवायची ते तू सांग."