बॉनेटमधला देव

कावळा नाक्यावर कुणालाही पत्ता विचारा, तो ‘राजहंस मोटर्सच्या अलीकडं’ नाहीतर ‘पलीकडं’ असंच सांगणार. राजहंसचा तो बोर्ड मालक गणपतरावांच्या वडिलांनी स्वतः शिडीवर चढून लावलेला. आणि तोच बोर्ड दसरा झाला की उतरवायचा, असं सांगायला पुण्याहून कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडम आल्या होत्या.

“दसऱ्याला एक तरी इलेक्ट्रिक गाडी गिऱ्हाईकाच्या दारात पोचली पाहिजे. उजेड असतानाच दारातला फोटो पाठवा. नाहीतर एजन्सी बंद. माझ्या हातात काही नाही, वरूनच आलंय.”

आता ह्या वरच्या लोकांचं काय सांगायचं! कालच्या पोरांच्या कंपन्यांनी बॅटरीच्या गाड्या आणल्या, अर्धा बाजार खाल्ला, तेव्हा कुठं राजहंसवाल्यांची झोप उघडली. मग एकच पळापळ. जुन्याच डिझेल गाडीतलं इंजिन काढलं, सीटखाली बॅटऱ्या कोंबल्या आणि दारावर हिरवा पट्टा मारला. झाली इलेक्ट्रिक! साचे जुने, त्यामुळं मागं सायलेन्सरची नळीसुद्धा तशीच राहिली. ती गाडी सहा महिने शोरूममध्ये धूळ खात उभी होती. आणि रस्त्यापलीकडं बॅटरीच्या नव्या गाड्या गरम भज्यांसारख्या खपत होत्या. ते दुकान तरी कुणाचं? गणपतरावांच्या सख्ख्या लेकीचं, अनुजाचं. बापलेक रोज एका पंगतीला जेवत, पण ताटावर गाडीचा विषय काढायचा नाही, असा घरात करार होता.

पण देव पावला. दसऱ्याला सकाळीच शिरोळचे यल्लाप्पा आले. संगं बायको सोनूबाई आणि टेम्पोभर भावकी. गाडी पसंत पडली, पेढे वाटले, चाकांखाली लिंबं ठेवली. गणपतरावांचा जीव भांड्यात पडला.

“बॉनेट उघडा,” सोनूबाई म्हणाल्या. त्यांच्या घरची रीतच होती. पहिलं हळदकुंकू इंजिनाला, मग बाकीच्या गाडीला. ट्रॅक्टर आणला तेव्हा तसंच, उसाला पाणी पाजायचं डिझेल इंजिन आणलं तेव्हाही तसंच.

जुना मेस्त्री पिराजी पुढं झाला आणि त्यानं बॉनेट उचललं. आत बघतात तर भलामोठा खड्डा! एका कोपऱ्यात दोन वायरी आणि काच पुसायच्या पाण्याचा डबा. बाकी सगळा ठणठणपाळ.

“अगं बाई! इंजिन चोरीला गेलं की!” सोनूबाई ओरडल्या. भावकी टेम्पोतनं खाली उतरली.

“तसं न्हाय वहिनी, ह्याला मोटर असती. खाली हाय, बारकी,” गणपतराव घाम पुसत म्हणाले.

“मोटर आमच्या हिरीवर बी हाय,” यल्लाप्पा म्हणाले. “मोटर घ्यायला एवढ्या लांब आलोय व्हय आम्ही? अन् हळदकुंकू कुठं लावायचं, त्या पाण्याच्या डब्याला?”

सोनूबाईंनी आरतीचं ताट टेम्पोत ठेवलं. दसऱ्याला मुद्दाम थांबलेल्या मॅडमनी घड्याळाकडं बघितलं. गणपतरावांना बोर्ड खाली येताना दिसायला लागला.

शोरूमच्या मधोमध चौथऱ्यावर एक इंजिन होतं. वडिलांनी विकलेल्या पहिल्या गाडीचं. गाडी भंगारात निघाली तेव्हा म्हाताऱ्यानं इंजिन परत विकत आणलं होतं. दर खंडेनवमीला त्याला हार घालायचा, आरती करायची आणि पिराजीनं हँडल मारून ते मिनिटभर चालू करायचं, हा नेम म्हातारा गेल्यावरही चुकला नव्हता. कालचा झेंडूचा हार अजून ताजा होता.

“पिराजी, कप्पी आण,” गणपतराव म्हणाले. “पूजेपुरतं उचलून आत ठेव. मग काढू.”

आणि काय सांगू, इंजिन असं बसलं की बोल्टाची भोकंसुद्धा जुळली! कंपनीनं साचा बदललाच नव्हता ना. सोनूबाई हरखल्या. हळदकुंकू झालं, आरती झाली. पिराजी कप्पीची साखळी घेऊन पुढं सरकला तशा त्या कडाडल्या, “हात लावायचा न्हाय! पूजल्याला देव लगीच उठवत्यात व्हय? आधी दारात न्यायचा, निवद दाखवायचा, मग काय ते.”

गणपतरावांना वाटलं, नको म्हणावं. वडिलांचं इंजिन ते. पण बोर्डही वडिलांचाच होता. त्यांनी मान हलवली.

एवढ्या वजनानं गाडीनं पुढून असं नाक टेकवलं की चाकाखालची लिंबं जागेवरच फुटली. यल्लाप्पा चालवायला बसले, शेजारी सोनूबाई, मागं गणपतराव आणि पिराजी. टेम्पो निवदाच्या तयारीला पुढं गेला. गाडी म्हशीसारखी डुलत निघाली आणि बॅटरीचा आकडा भराभरा खाली यायला लागला. हातकणंगले ओलांडलं आणि गाडी मटकन बसली.

“असूं द्या की,” यल्लाप्पा शांतपणे म्हणाले. “बॅटरी संपली तर संपली. इंजिन हाय की! मारा हँडल.”

पिराजीनं गणपतरावांकडं बघितलं. गणपतरावांनी आभाळाकडं बघितलं. इंजिनाच्या टाकीत कालच्या पूजेचं डिझेल होतं. पिराजीनं हँडल मारलं आणि इंजिन धडधडायला लागलं. काय तो आवाज! धुरानं दोन्हीकडचा ऊस दिसेना. गाडी गदागदा हलत होती, पण तसूभर पुढं सरकत नव्हती, कारण त्या इंजिनाचा आणि चाकांचा काडीचा संबंध नव्हता.

“घाट चढायचा दम हाय ह्याच्यात!” यल्लाप्पा खूश होऊन म्हणाले.

ऊन कलायला लागलं होतं. गणपतरावांनी फोन काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीला गाडीबद्दल विचारलं, “अनुजा, तुझी गाडी मोकळी हाय का गं?”

अनुजा आपली इवलीशी गाडी घेऊन आली. ती कधी शेजारी येऊन थांबली ते कळलंसुद्धा नाही. तिनं नाक टेकवलेली गाडी बघितली, धूर बघितला, आजोबांचं इंजिन बघितलं. आणि दोर बांधला.

“पप्पा, इंजिन बंद करा की आता.”

“असू दे,” गणपतराव म्हणाले. “तेवढं असू दे.”

पिराजीनं दोराला झेंडूची माळ गुंडाळली, बरं दिसावं म्हणून. अशी वरात निघाली. पुढं मुकी गाडी ओढतीय, मागं मोठी गाडी गर्जना करतीय. शिरोळमध्ये पोचले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. आवाज मागच्या गाडीचा, धूर मागच्या गाडीचा, लोकांनी हिशेब केला.

“डिझेलचं पाणीच येगळं बाबा! पुढल्या बॅटरीच्या गाडीला ढकलत आणली बघा!”

यल्लाप्पांच्या दारात एका म्हातारीनं अनुजाच्या काचेवर टकटक केली. “पोरी, तुझी गाडी बंद पडली व्हय गं?”

भावकी ऐकत होती. पोरीनं खरं सांगितलं असतं तर भावकीत हसं झालं असतं आणि सोनूबाईंनी गाडी तिथूनच परत पाठवली असती.

अनुजानं बापाकडं बघितलं. “व्हय की आजी,” ती म्हणाली. “पप्पांनी ढकलत आणलं म्हणून आले.”

फोटो निघाला. मॅडमचा लगेच फोन. त्यांनी इंजिनाच्या पूजेची हकिगत वर कळवली होती आणि वरचे लोक बेहद्द खूश होते. गिऱ्हाईकाला काय पाहिजे ते त्यांना एकदाचं कळलं होतं. आता कंपनीच्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत एक डिझेल इंजिन ठेवायचं, म्हणजे इंजिनाचा कारखानाही बंद करायला नको. राजहंसचा बोर्ड राहणार होता. वडिलांचं इंजिन मात्र सोनूबाईंच्या दारात राहिलं. निवद दाखवल्यावर तर त्या देव उठवू देईनात.

पिराजी पुरणपोळीला मागं थांबला. गणपतराव अनुजाच्या गाडीत बसले. ते त्या गाडीत पहिल्यांदाच बसत होते. गाडी निघाली. आवाज नाही, थरथर नाही, काही नाही. गणपतरावांनी एकदा नाक ओढलं, तर तेवढंसुद्धा गाडीभर ऐकू गेलं.

“रडतायसा व्हय पप्पा?”

“असली कसली गं तुझी गाडी,” गणपतराव चिडून म्हणाले. “माणसाला मोकळं रडताबी येत न्हाय.”

अनुजानं हॉर्नवर हात ठेवला, आणि सांगली फाटा येईपर्यंत उचलला नाही.