चिमणीसाठी घेतलेली प्रत

कवळीकाका दातांच्या कवळ्या बनवायचे, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. पण त्यांचा जीव अडकला होता जुन्या चित्रपटांवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांत. चित्रपट गाजला की त्याची कादंबरी निघायची, वर नायिकेचं रंगीत वेष्टण. पुस्तकं टिकायची, वेष्टणं फाटून जायची. काकांना मात्र वेष्टणासकटच प्रत हवी असे. "नुसतं पुस्तक म्हणजे बिनदातांची कवळी," ते म्हणायचे.

एका बाईंचा फोन आला. सासऱ्यांच्या माघारी कपाटभर अशी पुस्तकं पडून आहेत, चारला या, तोवर मी कामावरून येते. दुसरं कुणी आधी टपकू नये म्हणून काका साडेतीनलाच पोचले.

दार सासूबाईंनी उघडलं. "आलात? या," असं, जणू वाटच पाहत होत्या. काकांनी पिशवी बाहेरच्या खुर्चीवर ठेवली. फोनही त्यातच. म्हातारीनं त्यांना मागच्या खोलीत नेलं. खिडकी झाकून एक अवजड कपाट उभं होतं, आणि त्यात, दुसऱ्या फळीवर, काका बारा वर्षं शोधत होते ते पुस्तक. पिवळी छत्री घेतलेली नायिका, वेष्टणाचा एक कोपराही दुमडलेला नाही. आत शाईनं लिहिलं होतं : 'चिमणीस, पहिल्या खेळाची आठवण.'

"चहा टाकते," म्हातारी म्हणाली आणि दार ओढून घेतलं. मागोमाग बाहेरून कडी लागली.

"आजी, कडी लागली बरं का."

"लावलीच आहे. मागच्या वेळी जाऊ दिलं, तर परत आलाच नाहीत."

काकांना आधी हसू आलं. मग वास आला. गॅसचा.

"आजी! गॅस पेटलाय का बघा!" त्यांनी दारावर मुठी आपटल्या. "दार उघडा!"

"कोण आहे आत?" म्हातारीचा आवाज एकदम चिरकला. "चोर शिरलाय! दिवाच लावून बघते."

दिवा! बटणाची एक ठिणगी पुरली असती. कपाट ढकलून पाहिलं, ते तसूभरही हललं नाही. वास दाराखालून येत होता. अंगातला सदरा काढून त्यांनी फटीत कोंबला. पुस्तक अजून हातातच होतं. म्हातारी कुणाशी बोलत होती, ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी आवाज खाली आणला.

"चिमणे."

बाहेरची पावलं थबकली.

"चिमणे, दिवा नको लावूस. डोळे दुखतायत माझे."

"तुम्ही आहात होय? मी किती घाबरले!"

"गॅस बंद कर आधी. बटण फिरव. फिरवलंस?"

"फिरवते हो. नेहमीची घाई तुमची."

"आता स्वयंपाकघराची खिडकी उघड. मोठं दारही."

पावलं गेली. काका भिंतीला टेकून कान देऊन उभे राहिले. खूप वेळानं पावलं परत आली.

"उघडलं सगळं. पण ही कडी काढली तर तुम्ही जाल."

"नाही जाणार," काका म्हणाले. त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

कडी निघाली. म्हातारीनं समोरच्या बनियनमधल्या माणसाकडे पाहिलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. "तुम्ही कोण?"

काका स्वयंपाकघरात धावले. बटण बंद होतं. शेगडीवर रिकामं पातेलं.

सून आली तेव्हा परका माणूस सदऱ्याविना आपल्या सासूला खिडकीपाशी धरून उभा. ती किंचाळणारच होती, पण वास नाकात शिरला. सगळं ऐकून ती मटकन खाली बसली. "शेजारीण लक्ष ठेवते हो. आजच गावाला गेलीय. मला वाटलं, दोन तासांचाच प्रश्न."

"उद्यापासून एक तासही यांना एकटं ठेवू नका," काका म्हणाले. एरवी ते परक्याला असं बोलले नसते.

ती रडत होती. पुस्तक घेऊन जा म्हणाली. काकांनी खाली पाहिलं. त्यांच्याच मुठीत वेष्टण मधोमध फाटलं होतं, छत्रीपासून चेहऱ्यापर्यंत. त्याचंही वाईट वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली.

पुस्तक त्यांनी म्हातारीच्या हातात दिलं. तिनं ते उलटंच धरलं आणि पानं चाळायला लागली.

घरी गेल्यावर आठ दिवस काकांनी शेगडीला हात लावला नाही. चहा बायकोच करायची, आणि ते दर वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून विचारायचे, "पेटला का गं?"