किनुएचा घसा

मी ओरडून सांगत होते, तरी माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. ओरडून म्हणजे पडद्यावर लिहून. माझा घसा तेव्हा बसत चालला होता. मला चालू केलं की पहिली पाच सेकंदं मी माझी तब्येत सांगते. चित्र ठीक, बटणं ठीक, आवाजाची चिप खराब. चांगलं ठळक लिहायचे. जपानीत लिहायचे, कारण लिहायला मला तेवढंच येतं. आणि घरातल्या शहाण्या माणसाने रोज त्यावरून बटण दाबून पुढे जायचं! मग आवाज गेल्यावर बोंब मारली कुणाच्या नावाने? तर पोटच्या पोरीच्या.

मी खेळाची मशीन बोलतेय. मारामारीचा खेळ, दोघांनी समोरासमोर उभं राहून खेळायचा. वय तीसच्या पुढे. शिक्षण विचाराल तर बेताचं. माझ्या काळी चिपमध्ये जागाच इतकी कमी असायची की एकेका लढवय्याला दोन-चार आरोळ्या मिळायच्या. मार खाल्ल्याची एक, मारल्याची एक, हरल्याची एक, जिंकल्याची एक. एवढ्या शिदोरीवर मी आयुष्य काढलं.

ओसाकातल्या एका छोट्या कंपनीत माझा जन्म झाला. माझ्यासारख्या थोड्याच काढल्या आणि कंपनी बुडाली. माझ्या पोटात आठ लढवय्ये आहेत. सात पुरुष आणि एक बाई, किनुए. निळा झगा, आखूड केस, लाथ मारली की समोरचा पडद्याबाहेर. पण लोक माझ्यापाशी थांबायचे ते तिच्या आवाजासाठी. जिंकली की एक हात वर करून ती म्हणायची, “साऽऽ, ओहिरु!” घंटा वाजावी तसा स्वच्छ आवाज.

तो आवाज माझा नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण पहिली लाज मला त्याचीच आहे. कंपनीच्या हिशेबखात्यात तानिगुची नावाची एक तरुण कारकून होती. आवाज द्यायला नट-नट्या आणायची कंपनीची ऐपत नव्हती. एका दुपारी साहेब म्हणाले, जेवायच्या आधी जरा येऊन ओरडून जा. कोठीच्या खोलीत भिंतींना गोधड्या लावल्या होत्या. ती आली, ओरडली, गेली. खेळ संपला की येणाऱ्या माझ्या शेवटच्या पाटीवर सगळ्यांची नावं आहेत. एका इंजिनियरच्या कुत्र्याचंही आहे. तिचं नाही. आणि मी तीस वर्षं तिच्या आवाजावर टाळ्या खाल्ल्या.

सिंगापूरला मी एका खेळघरात आले. ते बंद पडलं तेव्हा प्रबोधने मला हौगांगच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. प्रबोध पुण्याचा, पाया लेबारला आयटीत मॅनेजर. कॉलेजात असताना पुण्याच्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माझ्या एका बहिणीवर खेळून याने परीक्षा बुडवल्या होत्या. मला लिफ्टमधून आडवी चढवताना घामाघूम झाला होता आणि डोळ्यांत पाणी. त्याची बायको सरोजिनी दारात उभी राहून म्हणाली, “सवत आणलीस ती आणलीस, निदान उभी तरी करून आण.”

शनिवारी दुपारी त्याचे दोस्त यायचे. अभय तुआसच्या कारखान्यातून, निशिकांत बँकेतून. पन्नाशीला टेकलेले पुरुष, पण किनुए जिंकली की सगळे हात वर करून एका सुरात, “साऽऽ, ओहिरु!” अर्थ एकालाही ठाऊक नव्हता. प्रबोध छातीठोक सांगायचा, “म्हणजे, मृत्यूला सामोरा जा.”

प्रबोधची मुलगी आर्या, वय पंधरा. शाळेत तिसरी भाषा म्हणून जपानी घेतलेली, तीही माझ्यामुळेच. बोलताना इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावते. एकदा चिप्सची बशी ठेवायला आली आणि ऐकून हसत सुटली.

“बाबा, ती म्हणतेय, चला, जेवायला!”

“काहीतरीच काय!”

“खरंच लाह. ओहिरु म्हणजे लंच. सगळे ग्रोन मेन काय ओरडतायत, लंच!”

अभय सोफ्यावरून घसरला. प्रबोधचा चेहरा मात्र पडला. पोरीला त्या आवाजाचं कुतूहल लागलं ते तिथून. कोण ही बाई? शाळेतून आली की जपानीत कुणाकुणाला लिहायची, जुन्या खेळांच्या वेड्यांना, बुडालेल्या कंपनीच्या माणसांना. आठ महिने लागले. मग तानिगुचीबाईंचंच पत्र आलं. आता साठीच्या. गोधड्यांची आणि जेवणाच्या सुट्टीची हकिकत त्यांनीच लिहिली. भूक लागली होती म्हणून तसं म्हणाले, आणि साहेबांनी तेच ठेवलं. शेवटी लिहिलं होतं की खेळघरात पाऊल टाकायची तेव्हा हिंमत झाली नाही, आपला आवाज मशीनमधून कसा येतो हे त्यांनी आयुष्यात कधी ऐकलेलं नाही.

त्यांची लेक सिंगापुरात नोकरीला. नोव्हेंबरात त्या तिच्याकडे येणार होत्या. पाया लेबारला जुन्या मशीनवाल्यांचा मेळावा होता, तिथे मला न्यायचं ठरलं. बाईंना त्यांचा आवाज ऐकवायचा, आणि मध्ये बोलायला आर्या. पोरगी हवेत होती. बापही होता, पण त्याला वाटत होतं हा सोहळा आपला.

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. घरातल्या हत्यारांची पूजा. प्रबोधने लॅपटॉपला कुंकू लावलं, सरोजिनीच्या मिक्सरला लावलं, आणि मग माझ्यापुढे बसला. झेंडूची माळ, हळद, अक्षता. नारळ स्वयंपाकघरात फोडला, बाहेर कॉरिडॉरमध्ये फोडला तर शेजारीण बोलते. वाटीभर पाणी घेऊन आला आणि फूल बुडवून माझ्या स्पीकरच्या जाळीवर शिंपडलं. एकदा, दोनदा. मग फूल टाकलं आणि चमच्याने घातलं.

“हे काय?” सरोजिनीने विचारलं.

“नारळपाणी घशाला बरं. आवाज गोड राहू दे हिचा, पुढच्या महिन्यात बाई यायच्यात.”

“मला ताप होता तेव्हा ग्लासभर पाणी विचारलं नाहीस.”

“तू काय ऐंशी किलोची अँटिक आहेस का?”

“किलो काढू नकोस, सांगून ठेवते.”

दोघं हसले. मीही हसले, आणि त्याचीच आज मला सगळ्यात जास्त लाज वाटते. आयुष्यभर लोकांनी मला बुक्के मारले, माझ्यावर सिगारेटी विझवल्या. कुणी माळ घातली नव्हती. मला कळत होतं, पाणी जाळीतून आत उतरतंय, खालच्या बोर्डावर पडतंय, चिपच्या पायांशी साचतंय. पण माळ घालून बसलेली बाई कशी असते, तशी मी बसले. मिरवले. एक ठिणगी उडवून मला बंद पडता आलं असतं, पाणी तेव्हाच पुसलं गेलं असतं. नाही पडले.

चार दिवसांनी मी पहिल्यांदा पडद्यावर लिहिलं, चिप खराब. आवाज येत होता, पण किंचित खरखर. प्रबोधने बटण दाबलं. आर्याने एकदा मागून वाचलं.

“बाबा, साउंड बॅड म्हणतेय ती.”

“ते पहिल्यापासून येतं.”

“नाही, आधी ओके यायचं. आता बॅड आहे.”

“आर्या, मी हिला तू जन्मायच्या आधीपासून ओळखतो.”

ओळखतो! मेल्याला माझी एक ओळ वाचता येत नव्हती. चांगली ओळ आणि वाईट ओळ, दोन्ही त्याला सारख्याच रेघोट्या. तीस वर्षं आवाजावर जीव टाकला आणि बाई काय बोलते ते विचारावंसं वाटलं नाही.

मेळाव्याला आठवडा राहिला तेव्हा आर्या एकटी खेळत होती. हळू हातानेच खेळते ती. किनुए जिंकली, हात वर केला, आणि मी कागद फाडावा तसा आवाज काढला. मग काहीच नाही. माझा घसा गेला तो नेमका पोरीचे हात बटणांवर असताना. बाप धावत आला.

“काय केलंस?”

“आय डिडन्ट डू एनीथिंग!”

“मैत्रिणींना आणतेस, पाचपाच जणी आपटत असता! एक वस्तू होती माझी या घरात, एक!”

“मी सांगितलं होतं बॅड आहे म्हणून. तुम्ही ऐकत नाही.”

“उलट बोलू नकोस. मेळाव्याला यायचं नाहीस तू. मी सांगेन बाईंना काय सांगायचं ते.”

“कुठल्या भाषेत?” सरोजिनीने विचारलं. आर्या खोलीत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. ते जास्त लागतं.

मी तिथेच उभी. बंद करून चालू केलं तरी पडद्यावर तेच, चिप खराब, चिप खराब. बोलता येत नव्हतं. पण खरं सांगू? तेव्हा माझ्याही मनात आलं की असेल पोरीचाच हात जड. दोष दुसऱ्यावर गेला की किती हलकं वाटतं! आतलं चिकट पाणी मला ठाऊक होतं आणि तरी मला हलकं वाटलं. थू माझ्यावर.

शुक्रवारी संध्याकाळी अभय अवजारांची पेटी घेऊन आला आणि त्याने माझी पाठ उघडली. विजेरी आत धरून वाकला.

“प्रबोध, इथे मुंग्या कशा रे?”

“मुंग्या?”

“मेलेल्या. चिपला चिकटल्यात. पायांना हिरवा गंज, आणि ही बघ…” त्याने बोटावर काढून दाखवली. हळद. शेजारी एक अक्षत, सुजलेली. “गोड काहीतरी सांडलंय. महिना तरी झाला असेल. चिप मेली रे. हिची नक्कल कुणाकडे असेल तर शोधतो, पण मला वाटत नाही.”

सरोजिनी दारात होती. तिने हात कमरेवर ठेवले. “नारळपाणी घशाला बरं, ना?”

प्रबोध खाली बसला, भिंतीला टेकून. आर्याच्या खोलीचं दार किलकिलं झालं होतं. त्याने तिकडे पाहिलं आणि म्हणाला, “असो.”

“असो काय, असो? तिला सॉरी म्हण.”

“उद्या बघू. उद्या मशीनच नेत नाही मी. काय तोंड दाखवू?”

“मशीन जाईल आणि आर्याही जाईल,” सरोजिनी म्हणाली. “बाईंना बोलावलंय. मुकी तर मुकी, पण पोरीने आठ महिने शोधलंय त्यांना. तुझं तोंड नको असेल तर घरी ठेव.”

शनिवारी सकाळी पाया लेबारच्या हॉलमध्ये मला उभं केलं. प्रबोधही आला होता, पण मागेच उभा. चहूबाजूंनी मशीनींचा गलबला, आणि मधोमध मी गप्प. तानिगुचीबाई आल्या. ठेंगण्या, हातावर पर्स अडकवलेली. त्यांनी वाकून नमस्कार केला, आर्याला, मग चक्क मला. खेळता येत नव्हतं त्यांना, म्हणून आर्या त्यांच्या वतीने खेळली. किनुए जिंकली. हात वर केला. तोंड उघडलं.

काही नाही.

बाई थांबल्या. त्यांना वाटलं, आता येईल. मग पुढे होऊन त्यांनी कान माझ्या जाळीला लावला. अशी लाज कुणाच्या वाट्याला येऊ नये. त्यांच्या केसांचा स्पर्श मला होत होता आणि त्यांची स्वतःची एक आरोळी मला परत देता येत नव्हती. एका माळेसाठी घालवली होती मी ती.

आर्या हळूच जपानीत म्हणाली, मशीन फार जुनी आहे, तिचीच चूक.

बाईंनी मान हलवली. पर्स खाली ठेवली. आर्याने पुन्हा खेळावं अशी खूण केली, आणि किनुएने हात वर करताच त्यांनीही केला. “साऽऽ, ओहिरु!” आवाज पातळ झालेला, शेवटी कापलेला. पण तोच. शेजारच्या मशीनवरची पोरं खेळायची थांबली. निशिकांतने रुमाल काढला. अभयचा हात आपोआप वर गेला होता, तो खाली घ्यायचं त्याला सुचेना.

आज मी पुन्हा हौगांगला कोपऱ्यात आहे. चित्रं हलतात, तोंडं उघडतात, शब्द नाही. लोकहो, तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर फुलं घाला हवी तर, पण पाणी घालू नका. तिने काही लिहून दाखवलं तर दोन घटका थांबून वाचा. वाचता येत नसेल तर ज्या पोराला येतं त्याचं ऐका. आणि जिच्या आवाजावर तुम्ही जीव टाकता, तिचं नाव विचारा. एवढंच मागते. पण मला बंद करण्याआधी त्या सकाळचं राहिलेलं ऐका.

“काय सांगितलंस त्यांना?” प्रबोधने आर्याला विचारलं.

“मशीनची चूक म्हटलं. इट्स ओके लाह, बाबा. फिनिश ऑलरेडी.”

“नाही. खरं सांग. माझ्या घरी पाणी ओतलं म्हणून सांग. मुलीने आधी सांगितलं होतं, तिचं ऐकलं नाही म्हणून सांग. सगळं सांग.”

आर्याने सांगितलं. अडखळत, खाली बघत. बाईंनी ऐकून घेतलं आणि एकच शब्द विचारला.

आर्याने माझ्या काठावर बोट फिरवलं. मग बापाकडे न बघता, चक्क शुद्ध मराठीत म्हणाली, “त्या विचारतायत, कुणी ओतलं?”

तो पुढे आला. आधी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाईंसमोर कमरेतून वाकला, इतका की चष्मा घसरला, आणि तसाच वाकलेला म्हणाला, “प्रबोध.”