मीटरमागे दोन बोटं

बाबांच्या दुकानातली मापाची वही मागच्या बाजूने उघडली की छाती, कंबर, बाही काही सापडत नाही. तारखा सापडतात आणि प्रत्येक तारखेपुढे एक आकडा. ८:०५, ८:००, ७:५५, पुन्हा ८:००. माझे वडील शिंपी. साठाव्या वाढदिवसाला मी त्यांना पळायचे बूट दिले आणि त्यांनी ते खरोखरच वापरले. दीड वर्ष पळाले. चार महिन्यांपूर्वी सकाळी पळून आले आणि दुपारी कापायच्या टेबलाशी उभ्या उभ्या गेले. आई म्हणते, पळून पळून गेले. बुटांचं नाव ती काढत नाही.

झेपेल त्यापेक्षा जोरात पळत होते का, एवढंच मला कळायला हवं होतं. डॉक्टर म्हणाले, सांगता येणार नाही. उरली वही. आणि ती वाचायची तर पळणं भाग होतं.

मी वाचनालयात काम करते, त्यामुळे आधी तीन पुस्तकं घरी आणली. पेस म्हणजे एक किलोमीटर पळायला लागणारी मिनिटं, हे लगेच कळलं. पण आकडा लहान तितकं पळणं जोरात, हे अंगवळणी पडेना. पहिल्या दिवशी फोनवर ६:१० दिसलं आणि मला वाटलं, बाबांपेक्षा बरीच मागे आहे, ओढायला हवं. दोनशे मीटरवर मी तळ्याचा कठडा धरून उभी होते आणि कुत्रा फिरवायला आलेले एक गृहस्थ घरी कुणाला कळवू का म्हणून विचारत होते.

तिन्ही पुस्तकांचं एका बाबतीत एकमत होतं: नवशिक्याने पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलून बघावं. मध्येच तुटलं तर वेग जास्त आहे. मी तळ्याशी बोलायला लागले. महिन्याभराने ८:००ला माझं वाक्य सलग निघालं. पस्तिशीतल्या बाईवरून साठीच्या माणसाचा अंदाज बांधणं कच्चं आहे हे कळत होतं, तरी त्या दिवशी मला बरं वाटलं.

मग चिंध्यांनी घोळ घातला.

तळ्याभोवतीचा रस्ता आमच्या घरासमोरून जातो; बाबा दारापासूनच पळायला सुरुवात करत, मीही तिथूनच. बाबांनी कठड्याला दर शंभर मीटरवर कातरणातली एकेक चिंधी बांधली होती, कडा दुमडून शिवलेली, कारण दोरे निघालेलं कापड त्यांना बघवत नसे. निळी, चौकड्याची, अस्तराची लाल. दहावी चिंधी, राखाडी सुटिंगची, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जरा अलीकडे. तिथे त्यांचा किलोमीटर संपे. माझा फोन मात्र किलोमीटर झाल्याचं आधीच सांगायचा, पंपघराच्या दाराशी. रोज तिथेच. तिथून राखाडी चिंधीपर्यंत पावलं मोजली तर चाळीस मीटर भरले.

संध्याकाळी आईला विचारलं. बाबांच्या मागे राहिलेल्या शर्टांना ती बटणं लावत होती.

"अंतर कशाने मोजलं होतं त्यांनी?"

"नाडीने. दहा मीटर नाडी कापली दुकानात, एक टोक मला धरायला लावलं. भल्या सकाळी. लोक बघत होते."

"चाळीस मीटर जास्त भरतंय."

तिने दोरा दातांनी तोडला. "भरणारच. मीटरमागे दोन बोटं जास्त धरल्याशिवाय त्यांची कात्री कधी चालली? जास्त असलं तर आत घेता येतं म्हणायचे."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. किलोमीटर लांब, म्हणजे वहीतलं ८:०० खरं ७:४२. दुसऱ्या दिवशी मी ७:४२ने पळून पाहिलं. तीन शब्दांवर वाक्य तुटलं.

हे आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण चहा घेताना सांगितलं. पेस, वाक्य, तीन शब्द, सगळं. बूटही. तिने एवढंच विचारलं:

"वाक्य म्हणजे कसलं?"

"कसलंही. फक्त तुटायला नको."

"अगं, मग रोज त्या खिडकीखालून ओरडत जायचे ते काय होतं? 'चहा टाक, आलोच एक फेरी मारून, आणि कालच्यासारखा पांचट नको.' न थांबता. मला राग यायचा, सगळ्या आळीला कळायचं माझा चहा पांचट आहे ते."

"तुटायचं नाही?"

"त्यांचं बोलणं कधी तुटलंय?"

मी विचारलं, "त्या दिवशी?"

आईने कप खाली ठेवला. मला वाटलं, ती उठून जाईल.

"त्या दिवशीही. सगळं म्हणाले. आणि वर, 'साखर बेताची.'" मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "दमलेला माणूस एवढं बोलत नाही, नाही का?"

"नाही बोलत," मी म्हटलं.

सकाळी मी ७:४२चा नाद सोडला आणि जमेल तशी पळाले. राखाडी चिंधीपाशी दम होता, म्हणून खिडकीखालून जाताना ओरडले, "चहा टाक, आलेच एक फेरी मारून, आणि पांचट नको."

"साखर?" आतून आवाज आला.

वहीत बाबांच्या शेवटच्या ओळीखाली मी तारीख घातली आणि पुढे ८:५० लिहिलं. चाळीस मीटर वजा केले नाहीत.